कुंकू, शेंदूर आणि हिंगूळ

तांबडे रंग डोळ्यांना सारखेच दिसतात. पण आपल्या वाडवडिलांनी त्यांना निरनिराळी घरे नेमून दिली होती. शेंदूर मारुतीच्या मूर्तीला, हिंगूळ पोथीतल्या तांबड्या अक्षरांना आणि कुंकू बायकांच्या कपाळाला. शेंदूर म्हणजे भाजलेले शिसे. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. कुंकू मात्र हळदीचे. हळकुंडे लिंबाच्या रसात व टाकणखारात मुरवली, की पिवळ्याचे तांबडे होई. काजळही घरच्या दिव्याच्या काजळीचे. सुरम्याचा चकचकीत खडा तेवढा शिशाचा.

उत्तरेत भांगात शेंदूर भरण्याची चाल आहे. आपल्याकडे मात्र घरचे कुंकू करणे सुटले, बाजारची स्वस्त पूड आली आणि घरांच्या भिंतीच पडल्या. रंगासाठी शिसे व सोमल, तसाच पारा, प्रसाधनांत घालण्यास कायद्याने मनाई आहे. पण सुट्या पुडीवर ना नाव, ना गाव! शिसे मुलांच्या मेंदूला बाधते, आणि आईच्या कपाळाला लागलेले बोट रांगते मूल हटकून तोंडात घालते.

पाऱ्याची गोष्ट तर जवळचीच. अकोल्यातील एकाच घरच्या तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासात गोरेपणाच्या मलमातला पारा कारण निघाल्याची बातमी २०२३च्या आरंभी आली.

माजलगावच्या बाजारात मी एका ढिगाकडे बोट दाखवून विचारले, "हे कशाचं?"

"देवाचं आहे, मास्तर."

शेजारची बाई चिमूटभर कपाळाला लावून रंग पाहत होती.