वर्तणुकीचा रकाना

महाराष्ट्रातल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात, जन्मतारीख, जन्मस्थळ, यापूर्वीची शाळा अशा रकान्यांच्या ओळीत ‘वर्तणूक’ हा एक रकाना असतो. बहुतेक दाखल्यांवर त्यापुढे ‘चांगली’ एवढाच शब्द असतो. दहा वर्षांच्या शालेय आयुष्यात मुलाने कोणाला मारले, त्याला कोणी मारले, किती दिवस वर्गाबाहेर बसवले, पालकांना का बोलावले, माफीनामा कशाबद्दल लिहून घेतला, यातले काही त्या शब्दातून कळत नाही. दरवर्षी शाळेकडून सरकारकडे जाणाऱ्या माहितीतही त्याला जागा नसते. शाळेच्या वर्गखोल्या, शौचालये, संगणक, मुलांचे आधार क्रमांक हे सारे मोजणारी व्यवस्था मुलाला झालेली शिक्षा मात्र मोजत नाही. हा निव्वळ विसर म्हणता येत नाही. जिथे सरकारचा पैसा किंवा प्रतिष्ठा पणाला लागली होती तिथेच नोंद पक्की झाली, असे आपल्या शालेय दप्तराचा इतिहास सांगतो. शिस्तीच्या नावाखाली मुलांच्या वाट्याला काय आले, त्यावर कोणाचेच अनुदान अडलेले नव्हते. म्हणून ते कागदावर आलेच नाही.

या दप्तराची मुळे दीडशे वर्षांपूर्वीची आहेत. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण ठरले आणि १८६५ च्या सुमारास मुंबई इलाख्यात परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरवण्याची पद्धत आली. ती इंग्लंडमध्ये १८६२ च्या नियमावलीने सुरू झाली होती. त्या नियमावलीने तिकडच्या मुख्याध्यापकांना लॉगबुक ठेवणे बंधनकारक केले आणि पुढे छडीची शिक्षा नोंदवण्याचीही वही तिकडे रुळली. इकडे सरकारदरबारी वजन आले ते हजेरीला आणि तपासणीतल्या उत्तीर्ण मुलांच्या संख्येला. साहेब तपासणीला येणार म्हटले की हजेरीपट नीट व्हायचा, कारण त्यावर रुपये ठरायचे. छडी किती आणि कोणाला, हा प्रश्न त्या हिशेबाबाहेरचा राहिला.

शाळेतल्या नोंदीचे बळ किती असते, हे ‘जनरल रजिस्टर’ दाखवते. या रजिस्टरातली नोंद कायम जपायची असते आणि मुख्याध्यापकालाही ती मनाप्रमाणे बदलता येत नाही. २०२३ मध्ये मराठा-कुणबी दाखल्यांसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली कागदांबरोबर शाळांची जुनी प्रवेश-निर्गम रजिस्टरेही कपाटांतून बाहेर आली. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या गुरुजींनी लिहिलेल्या एका शब्दावर आज पणतवंडांचे आरक्षण ठरते. म्हणजे नोंद ठेवण्याची शिस्त आपल्या शाळांना ठाऊक नव्हती, असे म्हणता येत नाही. जात आणि जन्मतारीख यांच्या नोंदीवर हक्क अवलंबून होते, त्यामुळे ती नोंद पिढ्यान्‌पिढ्या टिकली. ‘वर्तणूक’ त्याच रांगेत बसूनही पोकळ राहिली.

नवी मुंबईत ही पोकळी अधिक स्पष्ट दिसते. १९७० मध्ये हे नवे शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गावांच्या जमिनी संपादित झाल्या आणि सेक्टरांचे शहर उभे राहिले. १ जानेवारी १९९२ पासून महापालिकेचा कारभार सुरू झाला. गावठाणांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा महापालिकेच्या झाल्या, सिडकोच्या भूखंडांवर शिक्षणसंस्थांच्या इमारती आल्या आणि पुढे महापालिकेने स्वतःच्या सीबीएसई शाळाही काढल्या. आगरी-कोळी घरांतली मुले, तुर्भे-रबाळेच्या कारखान्यांत आणि दगडखाणींत कामाला आलेल्यांची मुले, वाशी-नेरुळच्या सोसायट्यांतली मुले, ही सारी या शाळांत आली. घर बदलले की इथे शाळा बदलते आणि पुष्कळदा जिल्हाही. नेरुळचा मुलगा खारघरला गेला की तो ठाण्यातून रायगडात जातो. यू-डायस या देशव्यापी शालेय माहिती प्रणालीतल्या २७२१ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शाळेतून २७२४ च्या शाळेत पोचतो. त्याचे नाव, वय आणि इयत्ता त्याच्यासोबत बिनचूक जाते. तो का गेला, हे मात्र दाखल्यावरच्या ‘पालकांच्या विनंतीवरून’ या दोन शब्दांत बुजून जाते.

गेल्या पंधरा वर्षांत शालेय माहितीचे यंत्र फार वेगाने वाढले. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली आणि लाखो विद्यार्थी फक्त कागदावर असल्याचे उघड झाले. पटावर शिक्षकांची पदे, अनुदान, पोषण आहार हे सारे ठरत असल्यामुळे सरकारने ते गांभीर्याने घेतले. २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली आली आणि विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन पटावरून संच मान्यता, म्हणजे शिक्षकपदांची मंजुरी, ठरू लागली. देशपातळीवर २०१२-१३ पासून यू-डायस एकत्रित झाले. पुढे यू-डायस प्लसवर प्रत्येक मुलाला स्वतंत्र कायमस्वरूपी क्रमांक, म्हणजे पेन क्रमांक, मिळाला. शाळा सोडलेला मुलगा दुसऱ्या शाळेने ओढून घेईपर्यंत ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये असतो, हे आज प्रत्येक वर्गशिक्षक जाणतो. इतक्या बारकाव्याने चालणारी ही व्यवस्था एक प्रश्न मात्र विचारत नाही: मुलगा ड्रॉपबॉक्समध्ये गेला तो घर बदलल्यामुळे, की शाळेला तो नकोसा झाल्यामुळे?

विद्यार्थ्याच्या गैरवर्तनाची वर्गवारी करून तिचे कोष्टक बांधण्याची पद्धत महाराष्ट्रात मुळीच नाही, असेही नाही. ती आहे आणि तिचे एक केंद्र नवी मुंबईतच आहे. राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचे मुंबई विभागीय कार्यालय वाशीला आहे. मुंबईसह ठाणे, पालघर आणि रायगड इथल्या दहावी-बारावीचा कारभार तिथून चालतो. मंडळाची ‘शिक्षासूची’ असते. जवळ कॉपी सापडणे, दुसऱ्याचे पाहून लिहिणे, उत्तरपत्रिका बाहेर नेणे, दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणे असे गैरप्रकार आणि प्रत्येकापुढे संपादणूक रद्द करण्यापासून पुढच्या परीक्षांना बंदीपर्यंतची शिक्षा त्यात दिलेली असते. भरारी पथक प्रकरण नोंदवते, विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकले जाते, मग निर्णय होतो. १९८२ च्या परीक्षा गैरप्रकार प्रतिबंध कायद्याचे त्याला पाठबळ आहे. यातल्या शिक्षा कडक आहेत की नाहीत, हा वेगळा वाद. पण आरोप कोणता, पुरावा काय, शिक्षा किती, हे लेखी असते आणि एकाच चुकीला मुंबईत एक व अलिबागला दुसरी शिक्षा होऊ नये, एवढी तरी काळजी त्यात दिसते. परीक्षेच्या तीन तासांत राज्य इतके काटेकोर राहू शकते, कारण तिथे त्याच्या प्रमाणपत्राची पत पणाला असते. उरलेल्या वर्षभरात त्याच मुलाला कोणत्या चुकीसाठी काय शिक्षा व्हावी, ते ज्या त्या शाळेच्या मर्जीवर असते.

ही मर्जी कायद्याने थांबली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ ने आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढण्यास मनाई केली, तर कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा दिली, पण काढून टाकण्याची बंदी कायम ठेवली. तरीही ‘दाखला घेऊन जा’ हे वाक्य शाळांच्या कचेऱ्यांतून गेलेले नाही. कागदावर पालकाचा अर्ज असतो, त्यामुळे कायदा मोडल्याचा पुरावा उरत नाही. नववीपासून तर ते संरक्षणही संपते. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या किंवा ‘त्रासदायक’ मुलांना खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म भरायला लावले जाते, ही तक्रार जुनी आहे. तिचा आवाका ठरवायचा तर आकडे हवेत आणि ते कोणी गोळाच करत नाही.

नोंद नसण्याची सर्वांत भयंकर किंमत ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला दिसली. शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, पालकांना गुन्हा नोंदवण्यासाठी तासन्‌तास थांबावे लागले आणि २० ऑगस्टला संतप्त लोक रेल्वे रुळांवर उतरले. माहिती न कळवल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनावरही बालकांच्या लैंगिक शोषणाविरोधातल्या पोक्सो कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. आंदोलनाच्या दुसऱ्याच दिवशी निघालेल्या शासन निर्णयाने अशी घटना २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणे शाळांना बंधनकारक केले. खरे तर पोक्सोच्या कलम १९ ने असा गुन्हा पोलिसांना कळवण्याचे बंधन २०१२ पासूनच घातले होते. पण वर्षभर लहानसहान घटना लिहिण्याची जिथे सवयच नाही, तिथे मोठी घटना घडल्यावर पहिला विचार ‘हे बाहेर जाऊ नये’ हाच येतो. नोंदीची सवय रोजच्या कामातून लागते. ती एका शासन निर्णयाने एका रात्रीत लागत नाही.

दुसरीकडे, नोंद ठेवल्याने काय उघड होऊ शकते हे अमेरिकेच्या अनुभवातून शिकण्यासारखे आहे. तिथल्या केंद्रीय नागरी हक्क कार्यालयाने १९६८ पासून शाळांची वंशवार माहिती गोळा करायला सुरुवात केली. तिच्या आधारे ‘चिल्ड्रन्स डिफेन्स फंड’ या संस्थेने १९७५ मध्ये दाखवून दिले की कृष्णवर्णीय मुले गोऱ्या मुलांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात निलंबित होतात. पुढे घटनांची वर्गवारी बारीक झाली, तेव्हा ‘अवज्ञा’सारख्या मोघम प्रकारांत पूर्वग्रह सर्वाधिक लपतो हेही लक्षात आले. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये कायदा करून तिसरीपर्यंतच्या मुलांना केवळ अवज्ञेच्या कारणावरून निलंबित करण्यास बंदी घातली. हे शक्य झाले, कारण आकडे होते. आपल्याकडे कोणत्या जातीची, कोणत्या वस्तीतली, कोणत्या भाषेची मुले अधिक शिक्षा भोगतात, या प्रश्नाला आज अंदाजापलीकडे उत्तर नाही.

आपल्या शाळांतही अशी नोंद ठेवावी म्हटले, तर पहिला आक्षेप शिक्क्याचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८७१ च्या कायद्याने आख्ख्या जमातींची नावे गुन्हेगार म्हणून नोंदवली गेली. तो शिक्का १९५२ मध्ये अधिकृतपणे पुसला, तरी भटक्या-विमुक्तांच्या मुलांकडे आजही संशयाने पाहिले जाते. पेन क्रमांकाला ‘भांडखोर’ हा शेरा जोडला, तर तो मुलाच्या मागे आयुष्यभर फिरेल. म्हणून नोंद घटनेची असावी, मुलाची नसावी. सरकारकडे जावी ती फक्त संख्या: कोणत्या प्रकारची घटना, कोणत्या इयत्तेत, शाळेने काय केले. नाव शाळेच्या कपाटात राहावे आणि ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट व्हावे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने कलम २४ मध्ये अपराध केलेल्या बालकाचीही कागदपत्रे पुढे नष्ट करण्याची तरतूद केली आहे. ज्याने कायदा मोडला त्याला नवी सुरुवात मिळते, तर ज्याने वर्गात बाक मोडले त्याला ती नाकारता येणार नाही.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आणि तोही खराच. जनगणना, निवडणुका, सर्वेक्षणे, आणि एकच माहिती दोन-दोन पोर्टलांवर भरणे, यात त्यांचे शिकवण्याचे तास जातात. शिवाय सक्तीची नोंद पोकळ होते हा अनुभवही आहे. २०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, तेव्हा प्रत्येक मुलासाठी वर्णनात्मक नोंदी करायच्या ठरल्या आणि थोड्याच काळात तयार वाक्यांच्या याद्या शिक्षकांमध्ये फिरू लागल्या. पन्नास-साठ मुलांच्या वर्गात दुसरे काय होणार? त्यामुळे रोजची कुरबूर लिहिण्याचा अट्टहास नको. इजा, छळ, वर्गाबाहेर ठेवणे, शाळा सोडायला सांगणे अशा मोजक्या घटनाच लिहाव्यात आणि त्यासाठी दुसरे एखादे काम कमी करावे. तारीखवार लिहिलेली साधी नोंद खोट्या आरोपाच्या वेळी शिक्षकाच्याच बाजूने उभी राहते, हेही विसरू नये. आकडे मागितले की शाळा ते दडवतील, हा तिसरा आक्षेप. दडवतीलच, जोवर जास्त आकड्याला बदनामी आणि शून्याला शाबासकी मिळते तोवर. नोंदींच्या संख्येवरून कोणत्याही शाळेला दोष देऊ नये; लपवाछपवी उघड झाली तर मात्र जाब विचारावा. वर्षानुवर्षे शून्य लिहिणाऱ्या शाळेकडे तपासणी अधिकाऱ्याने आधी जावे.

अशा नोंदीची सुरुवात करायला राज्याच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. नवी मुंबई महापालिका दिघ्यापासून बेलापूरपर्यंतच्या स्वतःच्या शाळांत हे करू शकते. कायद्याने स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीपुढे वर्षातून एकदा नावांविना एक पानाचा तक्ता ठेवायचा, एवढेच काम आहे. आणि ज्या पालकांच्या हातात आज दाखला दिला जात आहे, त्यांनी एक गोष्ट आजच करावी. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचावे, आणि ते खरे नसेल तर अर्जावर सही करू नये.