आंसाखालील छरे आणि माद्रिदची वही

चाक व आंस हा विषय जुन्या कागदांच्या संशोधकांस परका वाटण्याचा संभव आहे. परंतु आंसाचें घर्षण कमी करणारें जें साधन, ज्यास कारखान्यांत बेअरिंग म्हणतात, त्याचा इतिहास पाहूं गेल्यास त्यांतील एक महत्त्वाचा दुवा ग्रंथालयाच्या यादींतील घोटाळ्यामुळें दीर्घकाळ अज्ञात राहिलेला आढळतो. म्हणून तो येथें थोडक्यांत देत आहों.

बेअरिंगांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यांत आंस आपल्या घरांत घासत फिरतो व मध्यें वंगण असतें. आपली जुनी बैलगाडी याच वर्गांतली. तुंब्यांतलें वंगण सुकलें कीं ती कुरकुरूं लागते. दुसऱ्या प्रकारांत मध्यें छरे किंवा रूळ घालतात, म्हणजे घासण्याच्या जागीं लोळणें येतें व जोर पुष्कळ कमी लागतो.

दुसऱ्या प्रकाराचा एक प्राचीन पुरावा इटलींतील आहे. रोमजवळील नेमी सरोवराचें पाणी उपसून इ. स. १९२९ ते १९३२ या काळांत सम्राट कालिगुला याच्या वेळच्या दोन प्रचंड नौका बाहेर काढण्यांत आल्या. त्यांच्या अवशेषांत लांकडी फळ्यांमध्यें बसविलेले ब्राँझचे गोळे मिळाले. ते फिरत्या चौथऱ्याचे असावेत असें अनुमान आहे. ता. ३१ मे १९४४ च्या रात्रीं त्या नौका संग्रहालयांतच जळून गेल्या. ग्वीदो उचेल्ली यांनीं १९४० सालीं त्यांचें सविस्तर वर्णन छापून ठेविलें होतें, म्हणूनच त्यांची रचना आज अभ्यासितां येते.

यानंतरचा मोठा पुरावा लिओनार्दो दा व्हिंची याच्या वहींत आहे. १४९० नंतरच्या दशकांत लिहिलेल्या या वहींत त्यानें छऱ्यांच्या बेअरिंगाच्या आकृति काढल्या आहेत. शेजारचे छरे एकमेकांस चिकटून फिरले तर त्यांचे स्पर्शबिंदु उलट दिशांनीं जाऊन परस्परांस घासतात. यास्तव ते वेगळे ठेवावे, हें मर्म त्यानें ओळखलें होतें. ही वही पुढें स्पेनांत गेली व माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत पोंचली. तेथें यादींतील क्रमांक व कपाटांतील जागा यांचा मेळ राहिला नाहीं, आणि शोध घेणारांस ती सांपडेना. ती पुन्हां हातीं लागल्याची वार्ता १९६७ सालीं जाहीर झाली व १९७४ त तिची प्रतिकृति छापून निघाली.

दरम्यान तीच विद्या इतरांस नव्यानें शोधावी लागली. जॉन हॅरिसन यानें जहाजावरील कालमापकासाठीं १७४० नंतर पिंजऱ्यांत बसविलेल्या रुळांचें बेअरिंग तयार केलें. वेल्समधील कार्मार्थेनचा लोखंडाचा कारखानदार फिलिप व्हॉन यानें १७९४ सालीं गाडीच्या आंसाभोंवतीं छरे बसविण्याचें पेटंट घेतलें. पॅरिसच्या झ्यूल सुरीरे यानें १८६९ त सायकलीसाठीं तसेंच पेटंट घेतलें. तरी सारख्या मापाचे गोल छरे विपुल मिळेपर्यंत प्रसार कठीण होता. ती अडचण श्वाइनफुर्ट येथील फ्रीड्रिख फिशर याच्या १८८३ च्या यंत्रानें दूर झाली.

रेल्वेंत मात्र घासतीं बेअरिंगेंच फार दिवस टिकलीं. आयझॅक बॅबिट यानें १८३९ सालीं त्यांना मऊ मिश्रधातूचें अस्तर देण्याची युक्ति काढली. पण वंगण संपलें कीं आंसाची पेटी तापे व प्रसंगीं पेटहि घेई. हेन्री टिमकेन हा सेंट लुईसचा घोडागाड्यांचा कारखानदार. १८९८ त पेटंट मिळालेल्या त्याच्या निमुळत्या रुळांनीं वरचा भार आणि वळणावरील बाजूचा रेटा हे दोन्ही एकदम पेलले. १९३० सालीं ११११ क्रमांकाच्या वाफेच्या इंजिनाचे सर्व आंस अशा बेअरिंगांवर बसवून तें निरनिराळ्या अमेरिकन मार्गांवर चालवून दाखविण्यांत आलें.

या हकीकतींतून आम्हांस एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी वाटते. व्हॉनचा लेख सरकारी पेटंटांत नोंदला गेल्यामुळें त्याचें श्रेय व काळ दोन्ही निर्विवाद राहिले. लिओनार्दोची वही जळाली नव्हती, कसरीनें खाल्ली नव्हती. केवळ आंकडा चुकल्यामुळें ती असून नसल्यासारखी झाली. आपल्याकडील रुमालांतहि सुतार, लोहार व कारखाने यांच्या हिशेबांचीं टिपणें राजकीय पत्रांच्या गर्दींत किरकोळ म्हणून बाजूस पडतात. तेव्हां संग्राहकांनीं यादी करतांना रुमालावरील आंकडा आंतील कागदाशीं ताडून पाहावा, व अशा टिपणांस स्वतंत्र क्रमांक द्यावा, एवढीच आमची विनंति आहे.