भांडी घासता घासता लागलेला शोध



तेलकट कढई पाण्यात बुडवली की वर तवंग येतो. साबणाचा थेंब पडला की तो झटकन बाजूला सरतो. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात ॲग्नेस पॉकेल्स हेच रोज बघत होत्या.

त्यांचा जन्म १८६२ चा. विज्ञानाची ओढ मोठी, पण तेव्हा तिथे मुलींना विद्यापीठाचं दार बंद. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकायला गेला. ॲग्नेस घरीच राहिल्या, आजारी आईवडिलांची सेवा केली आणि भावाची पुस्तकं वाचली.

पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरतात, म्हणून पाण्याचा वरचा थर ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. हा पृष्ठताण. तेल-साबणाने तो कमी होतो. किती कमी होतो, हे ॲग्नेसनी मोजलं. पत्र्याचं पसरट भांडं घेतलं, पाण्याला एक बटण टेकवलं आणि ते सुटायला किती जोर लागतो ते तराजूवर पाहिलं.

१८९१ मध्ये त्यांनी इंग्लंडचे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिलं. रॅले यांनी ते 'नेचर' साप्ताहिकात छापून आणलं. पुढे अमेरिकेच्या लँगम्युअर यांनी तसंच भांडं सुधारून वापरलं. त्यांना १९३२ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी, सत्तरीत, ॲग्नेसना मानद डॉक्टरेट मिळाली.

पत्र गेलं नसतं, तर हे काम त्या स्वयंपाकघरातच राहिलं असतं. बायांनो, आपल्याला जे कळलंय ते गटाच्या वहीत लिहून ठेवा आणि चारचौघींत सांगा.