ब्रह्मराक्षसाचं कुळ

मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंजा होऊन पिंपळावर बसतो. जमिनीत किंवा धनात जीव अडकलेला समंध होतो आणि त्या धनापाशीच घुटमळतो. आपल्याकडच्या भुतांची ठिकाणं अशी ठरलेली असतात. ब्रह्मराक्षसाचं ठिकाण याज्ञवल्क्य स्मृतीत सांगितलं आहे : अरण्य, आणि तेही निर्जळ.

गजानन माधव मुक्तिबोधांनी त्याला तिथून हलवलं. त्यांच्या ‘ब्रह्मराक्षस’ या हिंदी कवितेत तो शहराबाहेरच्या ओसाड बावडीत राहतो, पायऱ्या बुडालेल्या खोल पाण्यात. बावडीभोवती झाडं आहेत औदुंबराची. हिंदीत या झाडाला सहसा गूलर म्हणतात. घरात मराठी बोलणाऱ्या माणसाच्या ओठी दत्ताच्या झाडाचं नाव आधी आलं असणार, असं मी मानतो.

मुक्तिबोधांचा जन्म १९१७ सालचा, ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा. वडील पोलीस खात्यात होते, त्यामुळे बदल्या पाचवीला पुजलेल्या. उज्जैनला काही शिक्षण झालं आणि १९३८ साली इंदूरच्या होळकर कॉलेजातून ते बी.ए. झाले. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले, ‘क्षिप्रा’ ही त्यांची कादंबरी; थोरल्यानं हिंदी धरली. माळव्यातल्या मराठी घरांत असं होतं. देशावर जिला बारव म्हणतात तिला तिथली मराठी माणसंही बावडीच म्हणतात.

पण कुळ शोधायचं तर बरंच मागे जावं लागतं. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात ब्रह्मराक्षस कोण होतो ते सांगितलं आहे : पतितांची संगत करणारा, परस्त्रीकडे जाणारा, ब्राह्मणाचं धन हरण करणारा. याज्ञवल्क्यही परस्त्री आणि ब्रह्मस्व यांचंच हरण सांगतो. म्हणजे मुळात हा चोर. विद्वत्तेचा इथे संबंध नाही. ज्या धनाला त्यानं हात लावला ते ब्राह्मणाचं, एवढंच.

अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागर’ रचला, तेव्हा याला भूक लागलेली होती. वेताळाच्या गोष्टी त्यातच येतात. पुढे लोकांनी त्या उज्जैनच्या विक्रमाच्या नावावर केल्या. सोमदेवाचा राजा मात्र गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा त्रिविक्रमसेन. त्या गोष्टींत चंद्रावलोक नावाचा राजा नव्या राणीसह एका पिंपळाखाली रात्र काढतो. ते झाड ज्वालामुख नावाच्या ब्रह्मराक्षसाचं. तो चिडतो आणि राजाच्या जिवाच्या बदल्यात बळी मागतो. अट पाहा : सात वर्षांचा, समजूतदार ब्राह्मण मुलगा हवा, त्यानं आपणहून यायला हवं, आईनं त्याचे हात धरायचे, बापानं पाय, आणि शस्त्र राजानं चालवायचं. राजा सोन्याची मूर्ती गावोगाव फिरवून मोबदल्याची दवंडी पिटवतो. एक मुलगा पुढे होतो, गरीब आईबापांची समजूतही तोच घालतो. शस्त्र उगारलं जातं तेव्हा तो हसतो.

का हसला, असं वेताळ विचारतो. संकटात मूल आधी आईबापांकडे धावतं, मग राजाकडे, शेवटी दैवताकडे. आणि इथे चौघंही त्याच्या गळ्याशी जमलेले, तेही नाशवंत देहासाठी. हे उत्तर मी कितीदा वाचलं असेन, दर वेळी पोटात खड्डा पडतो. या गोष्टीत निव्वळ दुष्ट असा कोणीच नाही. राजा चांगला आहे, आईबाप गरीब आहेत, राक्षससुद्धा अट पाळणारा आहे. तरीही मूल तिथे आडवं पडलेलं आहे.

मराठी घरांत गुरुचरित्राचं पारायण होतं, त्यातल्या एकोणतिसाव्या अध्यायातही ब्रह्मराक्षस आहे. वामदेव ऋषींना खायला तो झेपावतो, त्यांच्या अंगाचं भस्म त्याला लागतं आणि त्याला मागचे जन्म आठवतात. सुटका इथे बळीनं होत नाही, स्पर्शानं होते.

यानंतर मुक्तिबोधांची ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ ही कथा वाचावी. काशीत गुरू शोधत आलेला एक मुलगा एका भव्य वाड्यात शिरतो. बारा वर्षं बाहेर पाऊल न टाकता शिकतो. शेवटच्या दिवशी गुरू-शिष्य खिचडी खायला बसतात, तूप राहिलेलं असतं. शिष्य उठू लागतो. गुरू त्याला थांबवतो आणि बसल्या जागेवरून हात लांब लांब करत तूप आणतो. मग कबुली देतो की तो ब्रह्मराक्षस आहे. योग्य शिष्याला विद्या दिली नाही, म्हणून त्याचा आत्मा इथे अडकला होता. आता तो सुटला. आणि ही विद्या दुसऱ्याला देईपर्यंत शिष्याला सुटका नाही.

मनूचा चोर परक्याचं धन उचलतो. मुक्तिबोधांचा आपलंच धन स्वतःजवळ ठेवतो, आणि तीही चोरीच ठरते. बळीही आहेच, फक्त शस्त्र नाही. एका तरुणाची बारा वर्षं गेली आणि पुढचं आयुष्य बांधलं गेलं. त्याला आधी विचारलं गेलं नव्हतं, हे मला बोचतं. सोमदेवाचा मुलगा निदान समजून आला होता.

कवितेतला ब्रह्मराक्षस आणखी एकटा आहे. मंत्र पुटपुटतो, मार्क्सपासून गांधींपर्यंत साऱ्यांचा नवा अर्थ लावतो, आणि अंग घासत राहतो. मळ काही निघत नाही. त्याचा शिष्य होऊन अपुरं काम पुरं करावं, असं शेवटी कवीलाच वाटतं.

मुक्तिबोध ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत गेले. ‘ब्रह्मराक्षस’ ज्यात आहे तो ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला संग्रह त्याच वर्षीचा. तो त्यांना हाती धरून पाहता आला नाही. कवितांची जुळवाजुळव श्रीकांत वर्मांनी केली, प्रस्तावना शमशेर बहादुर सिंहांनी लिहिली.