सरकारी वेबसाइट ‘अ‍ॅक्सेसिबल’ असणं म्हणजे नेमकं काय?

मध्यंतरी मी एक प्रयोग केला. फोनमधला टॉकबॅक सुरू केला, डोळे मिटले आणि एका सरकारी पोर्टलवर दाखल्याचा अर्ज भरायला घेतला. फोन बोलू लागला, “लेबल नसलेलं बटण”. पुढे सरकलो, परत तेच. कॅप्चापाशी तर गाडी पूर्ण अडली, कारण तो फक्त चित्रात होता.

मी डोळे उघडून अर्ज पूर्ण केला. ज्यांना दिसत नाही, त्यांना मात्र आधार नंबर आणि ओटीपी दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यावा लागतो. म्हणजे प्रश्न नुसत्या सोयीचा नाही, प्रायव्हसीचाही आहे.

अ‍ॅक्सेसिबिलिटी कोणासाठी?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती आहेत. अंध व्यक्ती स्क्रीन रीडर वापरतात. हे सॉफ्टवेअर स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवतं. कर्णबधिरांना व्हिडिओखाली कॅप्शन लागतात. हाताच्या हालचालींवर मर्यादा असेल, तर माउसशिवाय फक्त कीबोर्डवर साइट चालायला हवी.

नेमकं अडतं कुठे?

- चित्रं: चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे कोडमध्ये लिहिलेलं वर्णन नसेल, तर त्यात काय आहे ते स्क्रीन रीडरला सांगता येत नाही.
- फॉर्म: रकान्याला लेबल जोडलेलं नसेल, तर तिथे नाव लिहायचं की पिनकोड, हे कळत नाही.
- स्कॅन केलेली पीडीएफ: आपल्याला अक्षरं दिसतात, पण फोनच्या दृष्टीने तो नुसता फोटो असतो.
- जुने मराठी फॉन्ट: युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दिसायला मराठी असतो, पण आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात. त्यामुळे ऐकू येतं ते निरर्थक काहीतरी.
- फिकट रंग: साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये आला. २०१७ च्या नियमांत वेबसाइट सरकारी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे हवी आणि कागदपत्रं ई-पब किंवा ओसीआर केलेल्या पीडीएफमध्ये हवीत, असं म्हटलं होतं. या तत्त्वांची, म्हणजे जीआयजीडब्ल्यूची, ३.० आवृत्ती २०२३ मध्ये आली. ती डब्ल्यूसीएजी २.१ या जागतिक मानकाच्या ‘एए’ पातळीवर आधारलेली आहे.

३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने आणखी स्पष्ट भूमिका घेतली. ई-केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा असं सांगतात, पण अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळ्यांना इजा झालेल्यांनी ती कशी करायची? असा हा विषय होता. डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सांगत कोर्टाने २० निर्देश दिले.

स्वतः तपासून बघा

१. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी उघडा. आधी टॉकबॅकचा शॉर्टकट सेट करा. मग दोन्ही व्हॉल्यूम बटणं ३ सेकंद दाबली की तो चालू-बंद होतो. आयफोनवर हेच काम व्हॉइसओव्हर करतं.
२. एका बोटाने उजवीकडे स्वाइप केलं की पुढची गोष्ट वाचली जाते. दोनदा टॅप केलं की ती उघडते.
३. नेहमीची सरकारी साइट उघडा आणि डोळे मिटून फॉर्मपर्यंत पोहोचायचा प्रयत्न करा.

अडलात, तर कुठल्या पानावर आणि कुठल्या बटणाशी, ते स्क्रीनशॉटसह साइटच्या फीडबॅक फॉर्मवर किंवा ‘सुगम्य भारत’ अ‍ॅपवर कळवा. नुसतं “साइट चालत नाही” लिहिलं, तर डेव्हलपरला काहीच कळत नाही. नेमकं बटण सांगितलं, तर लेबल जोडणं बहुतेक वेळा एका ओळीचं काम असतं. ती एक ओळ असली, की कोणाला तरी आपला ओटीपी दुसऱ्याला सांगावा लागत नाही.