उंची उणे आली तेव्हा

१६ ऑक्टोबर २०१६, रात्री ८.१२
मंगळाच्या अलीकडे युरोपच्या ट्रेस गॅस ऑर्बिटर या यानापासून स्कियापारेल्ली नावाचं ५७७ किलोचं लँडर सुटं झालं. इथून पुढे पृथ्वीवरून हस्तक्षेप नाही. छत्री कधी उघडायची, इंजिनं कधी पेटवायची, सगळं आत भरलेली आज्ञावली ठरवणार. आता तीन दिवस फक्त वाट पाहायची.

१९ ऑक्टोबर, सायंकाळी ६.३५
ऑर्बिटरचं मोठं इंजिन पेटलं. मंगळाभोवती कक्षेत शिरायचं तर ते १३९ मिनिटं चालायला हवं. ते व्यवस्थित चाललं, त्याबद्दल एवढंच.

सातच्या सुमारास
तेव्हाच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या पारनेर-संगमनेरला खेटून असलेल्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या मंगळाकडे वळलेल्या. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० तबकड्या या परिसरात पसरल्या आहेत. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी त्या उभारल्या आकाशगंगांच्या रेडिओलहरींसाठी, लँडरची हाक ऐकण्यासाठी नव्हे. पण नासाच्या मदतीने आज हा प्रयोग होता. लँडर झोपेतून उठलं आणि साडेसतरा कोटी किलोमीटरवरून त्याची क्षीण शिट्टी खोडदला पोचली. त्या दिवशी संकष्टी होती. जवळच ओझरचा विघ्नहर. उपास धरलेली घरं चंद्रोदयाची वाट पाहत होती.

८.१२
लँडर मंगळाच्या वातावरणात शिरलं; वेग ताशी २१,००० किलोमीटर. खोडदला मात्र हे अजून कळायचं आहे, कारण संदेशाला यायला पावणेदहा मिनिटं लागतात.

८.१७
लँडर जमिनीवर आदळलं. पृथ्वीवर कोणालाच माहीत नाही.

८.२२
वातावरणात शिरल्याची वेळ आता खोडदच्या घड्याळात आली. संपून गेलेली गोष्ट सुरुवातीपासून ऐकू येऊ लागली.

८.२५
बारा किलोमीटर उंचीवर छत्री उघडली. इथे जरा थांबायला हवं, कारण खरा अपघात याच क्षणी झाला; पुढचं सगळं त्याचा हिशेब.

छत्रीच्या हिसक्याने लँडर इतक्या जोरात डोललं की फिरण्याचा वेग मोजणारं यंत्र आपल्या कमाल मर्यादेला टेकलं आणि जवळपास एक सेकंद तिथेच अडकून राहिलं. आज्ञावलीने तो आकडा खरा मानला, त्याला वेळेने गुणलं, आणि निष्कर्ष काढला की आपण जवळजवळ उलटे झालो आहोत. प्रत्यक्षात लँडर छत्रीला सरळ लटकलेलं होतं.

८.२६
उष्णतारोधक कवच गळून पडलं. वेळेवर, बिनचूक.

८.२७ च्या आधी
रडार सुरू झालं. रडार तिरकं अंतर देतं. त्यावरून सरळ उंची काढायची तर कलाच्या कोनाच्या कोसाइनने गुणावं लागतं. कोन ९० अंशांच्या पुढे गेला की कोसाइन ऋण होतो, हे अकरावीच्या मुलालाही ठाऊक असतं. उंची उणे आली. म्हणजे लँडर जमिनीच्या खाली! गणितात चूक एकही नव्हती. छत्रीला लटकलेली वस्तू जमिनीखाली कशी असेल, एवढंच विचारणारी ओळ त्या आज्ञावलीत नव्हती.

मग पुढचं ओघाने आलंच. आपण उतरलो असं समजून लँडरने ३.७ किलोमीटर उंचीवर छत्री सोडून दिली. अर्धा मिनिट चालायची इंजिनं तीन सेकंदांत बंद केली. आणि जमिनीवर करायची हवामानाची मोजमापं हवेतच सुरू केली.

८.२७
ताशी सुमारे ५४० किलोमीटर वेगाने धडक. खोडदच्या पडद्यावरची रेघ, उतरण्याच्या ठरल्या वेळेआधीच, तुटली.

८.२८
ठरलेली वेळ. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या नियंत्रण कक्षात अजून आशा होती. सिग्नल मुळातच क्षीण, तो हरवला म्हणजे लँडर गेलंच असं थोडंच?

२० ऑक्टोबर
मंगळाभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने मेरिडियानी पठाराचा फोटो काढला. एक काळा डाग आणि त्यापासून काही अंतरावर पांढरा ठिपका, म्हणजे छत्री.

मे २०१७
चौकशी अहवाल आला. छत्रीच्या हिसक्याचं गणिती प्रारूप अपुरं होतं आणि मोजमाप यंत्र मर्यादेला टेकलं तर काय करायचं याची तजवीज नीट नव्हती, असं त्यात म्हटलं होतं. मला सगळ्यात बोचतं ते वेगळंच: ऑर्बिटरने नोंदवून ठेवलेले आकडे अभियंत्यांनी संगणकावरच्या प्रतिरूपात घातले, तर तिथेही उंची तशीच उणे आली. हीच चाचणी उड्डाणाआधी करता आली असती. पण इतका जोराचा हिसका बसेल असं कोणी धरलंच नव्हतं.