स्मिता पाटील : एक निरलंकार अभिनेत्री

नटीची योग्यता तिच्या गौर वर्णावरून आणि अंगावरील अलंकारांवरून ठरविण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. ही रीत ज्या थोड्या स्त्रियांनी मोडली, त्यांत स्मिता पाटील यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

स्मिताबाईंचा जन्म पुणे येथे १७ ऑक्टोबर १९५५ रोजी झाला. वडील शिवाजीराव पाटील हे राजकारणातले, तर मातोश्री विद्याताई समाजकार्यात रमलेल्या. मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढे लवकरच स्मिताबाई तेथे मराठी बातम्या वाचू लागल्या. बातम्या वाचणाऱ्यास गाण्याचा वा वेषभूषेचा आधार नसतो. मुद्रा स्थिर, वाणी स्पष्ट आणि दृष्टी थेट समोर, एवढेच त्याचे भांडवल. ही तालीम त्यांना जन्मभर पुरली. याच छोट्या पडद्यावर त्यांना पाहून श्याम बेनेगल यांनी चित्रपटात घेतले. ‘निशांत’ (१९७५), ‘मंथन’ (१९७६) यांमागून हंसा वाडकर यांच्या आत्मकथनावर आधारलेला ‘भूमिका’ (१९७७) आला आणि त्यांस राष्ट्रीय पुरस्कार लाभला. जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरील ‘चक्र’ने तोच मान त्यांना पुन्हा मिळवून दिला. दूरदर्शनचा ऋणानुबंध मात्र सुटला नाही. सत्यजित राय यांनी १९८१ साली प्रेमचंदांच्या कथेवरून दूरदर्शनसाठी ‘सद्गती’ निर्मिली, तीत वेठीला राबून मेलेल्या दलिताची पत्नी झुरिया त्यांनी उभी केली.

मुंबई केंद्राच्या लहरी प्रारंभी अमरावती-अकोल्यापर्यंत पोहोचत नव्हत्या. वऱ्हाडाला स्मिताबाई भेटल्या त्या चित्रपटगृहात. परंतु वऱ्हाडाशी त्यांचे एक निराळे नाते ‘उंबरठा’ने (१९८२) जोडले. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी त्याची पटकथा लिहिली व जब्बार पटेल यांनी तो दिग्दर्शित केला. त्यातील गाजलेली गझल अमरावतीस १९३२ साली जन्मलेल्या सुरेश भटांची. हृदयनाथ मंगेशकरांनी तिला चाल दिली, लताबाईंनी ती गायिली. परंतु तिच्यातील एकाकीपण रसिकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते स्मिताबाईंच्या मुद्रेनेच.

चित्रपटातील सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षिका होण्यासाठी पती व कन्या यांना मागे ठेवून जाते. परतते तेव्हा तिचे स्थान दुसऱ्या स्त्रीने घेतलेले असते. ती पुन्हा घर सोडते. पुरुष नोकरीनिमित्त परगावी गेला तर त्याचे घर त्याची वाट पाहते. स्त्रीची मात्र जागाच जाते. हा अन्याय स्मिताबाईंनी आक्रोशाविना, केवळ नजरेने सांगितला.

१९८५ साली त्यांस पद्मश्री मिळाली. प्रथम प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत, १३ डिसेंबर १९८६ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. सुलभेचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. नोकरीसाठी परगावी जाणाऱ्या कन्येला निरोप देताना वऱ्हाडातील सुशिक्षित घरांनी तो एकदा स्वतःस विचारून पाहावा.